पोरगा कुणाचा ते सांगू नका, वही दाखवा

संघाची यादी लागली की आमच्या संगमेश्वरात चार दिवस दुसरा विषय नसतो. हायवेचं काम, एसटीच्या फेऱ्या, आंब्याचा मोहर, सगळं बाजूला. टपरीवर कडवईवाला माखजनवाल्याशी भांडतो, देवरूखवाला दोघांनाही कबड्डी शिकवतो आणि साखरप्याहून आलेला एखादा बशीतला चहा संपवून म्हणतो, "आमच्याकडचा तर एकपण घेतलान नाय!"

या वेळी मी तासभर तिथे उभा राहून नुसतं ऐकलं. कोण कुणाच्या भावकीतला, कुठल्या मंडळाचं कुणाशी पटत नाही, कुठल्या वाडीतले मागच्या खेपेला दोन घेतले म्हणून या खेपेला एक कमी केला, हे सगळं सगळ्यांना तोंडपाठ. मग मी मध्येच विचारलं, "बाबांनो, तुम्ही ज्याच्यासाठी भांडताय त्याने या स्पर्धेत चढाया किती केल्या? त्यातल्या रिकाम्या किती गेल्या? पकडीत गुण किती काढले?"

सगळे गप्प. एक जण म्हणाला, "ते काय मोजायचं? दिसतं ना!"

हे 'दिसतं ना' आपल्या कबड्डीच्या मुळावर आलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो. मी कुणा एका संघटनेवर, मंडळावर किंवा माणसावर बोट ठेवत नाही. निवड चुकली असंही म्हणत नाही. माझं म्हणणं त्याहून वाईट आहे. निवड बरोबर झाली की चुकली हे ठरवायला आपल्यापैकी कुणाकडेच काही नाही. ज्याला घेतलं त्याच्याकडे नाही, ज्याला वगळलं त्याच्याकडे नाही, आणि ज्यांनी निवडलं त्यांच्याकडेही बहुतेक वेळा स्वतःच्या आठवणीपलीकडे काही नाही.

काही जण म्हणतील, खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? त्यांनी जरा हिशेब समजून घ्या. गावच्या मैदानावरून जिल्ह्याच्या संघात, तिथून राज्य अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धेत, तिथून राज्याच्या संघात आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत, अशी ही शिडी आहे. पहिली पायरी चुकली की वरच्या पायऱ्या दिसत सुद्धा नाहीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवरच्या कामगिरीला आणि प्रमाणपत्राला. शाळेतल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, तेही कुठल्या पातळीपर्यंत खेळला त्यावर. आपल्याकडे कारखाने नाहीत. बारावी झाली की पोरगा संगमेश्वर रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी पकडतो आणि मग गणपती-शिमग्यालाच दिसतो. अशा घरात यादीतलं एक नाव म्हणजे फक्त हौस नसते. कधी कधी ती वर्दी असते, पगार असतो, पोरगा गावाजवळ राहण्याची एकमेव संधी असते.

आणि एवढी मोठी गोष्ट आपण 'दिसतं ना' वर सोडून दिली आहे!

आता क्रिकेटकडे बघा. कबड्डीवाल्याने क्रिकेटचं नाव घेतलं म्हणून शिव्या द्यायच्या तर द्या, पण ऐका. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत आशिया चषकाचा संघ जाहीर झाला आणि त्यात श्रेयस अय्यर नव्हता. त्या दिवशी आपल्या बाजारातला भाजीवाला पण चिडला होता. पण तो काय म्हणत होता? "आयपीएलमध्ये ६०४ धावा केल्या, पंजाबला फायनलला नेलं, अजून काय करायचं त्याने?" बघा, आकडा आला. आणि समोर अजित आगरकर कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न ऐकत होते. त्यांचं उत्तर पटलं नाही, मला पण नाही पटलं. पण निवडणाऱ्याचं नाव माहीत होतं, चेहरा दिसत होता, आणि नाराज माणसाच्या हातात ६०४ हा आकडा होता. भांडण बरोबरीचं होतं.

पद्माकर शिवलकरांचं उदाहरण घ्या. मार्च २०२५ मध्ये ते गेले. भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, पण प्रथम श्रेणीत ५८९ बळी. अमोल मुझुमदार, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारताची टोपी कधीच नाही. तोच माणूस २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून मैदानावर होता. या दोघांवर अन्याय झाला हे आज त्यांचा एकही सामना न बघितलेला पोरगा सुद्धा ठामपणे सांगतो. कशाच्या जोरावर? स्कोअरच्या वहीच्या. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी उन्हात बसून प्रत्येक चेंडूची नोंद केली म्हणून ५८९ हा आकडा आज आपल्याकडे आहे.

अन्याय झाला हे सिद्ध करायला सुद्धा वही लागते, मंडळी. आपल्या कोकणातल्या मैदानांवर किती शिवलकर विझून गेले, कोण सांगणार? त्यांच्या नावावर काय आहे? एखाद्या काकाने शिमग्यात दोन पेग झाल्यावर सांगितलेली आठवण, "काय खेळायचा ओ तो!" एवढंच.

आता माझी स्वतःची लाज सांगतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांना शिकवतोय असं वाटायला नको.

काही वर्षांपूर्वी एका निवडीवर मी बातमी केली होती. आमच्या बाजूचा एक चढाईपटू वगळला गेला होता. उंच, देखणा, मैदानात उतरला की पोरं शिट्ट्या मारायची. मी 'गुणवान खेळाडूवर अन्याय' असा मथळा दिला. बातमी गाजली. दुसऱ्या दिवशी बाजारात एका वयस्कर गृहस्थाने अडवलं. कुणाचे वडील-काका नव्हते, नुसते कबड्डीचे वेडे. म्हणाले, "काय ओ पत्रकार, म्याची किती बघितल्यात तुमी?"

खरं उत्तर होतं, अंतिम सामना पूर्ण आणि उपांत्य सामना अर्धा. बाकी फोनवरून माहिती घेतली होती.

ते मला रागाने बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला. सगळ्या सामन्यांच्या नोंदी होत्या, जर्सीच्या नंबराप्रमाणे. माझ्या त्या हिरोच्या रकान्यात चढाया भरपूर होत्या, पण निम्म्याहून जास्त रिकाम्या. आणि संघ मागे पडला असताना केलेल्या चढायांमध्ये तो बहुतेक वेळा बाद होऊन बाहेर बसलेला. त्याच संघातला डावा कोपरा सांभाळणारा एक बुटका पोरगा होता. त्याचं नाव मला आठवत पण नव्हतं. त्याच्या रकान्यात पकडींच्या रेघांमागून रेघा. तोही संघात नव्हता. त्याच्यासाठी ना मी बातमी केली, ना टपरीवर कुणी भांडलं. अन्याय झालाच असेल तर त्याच्यावर झाला होता, आणि त्यात माझ्या मथळ्याचा पण वाटा होता.

त्या दिवसापासून मी मैदानावर जाताना वही नेतो. आणि वही नेल्यावर कळलं की आपण प्रेक्षक म्हणून किती कमी बघतो. आपण चढाई बघतो. बोनस बघतो. एकाने तिघांना मारलं की उड्या मारतो. पण कोपऱ्यावाला योग्य क्षणी घोट्यात शिरतो, मधला गडी साखळी सोडत नाही, तिसऱ्या चढाईला समोरच्याला गुण घ्यावाच लागणार हे ओळखून कर्णधार सगळ्यांना दोन पावलं मागे घेतो, हे कुणाच्या लक्षात राहतं? संघात १२ घ्यायचे, मैदानात ७ उतरवायचे. सात चढाईपटू घेऊन सामना जिंकता येत नाही हे चौथीतल्या पोराला पण कळतं, पण यादीवर भांडताना आपण सगळे चढाईपटूंसाठीच भांडतो.

वर गेलं की सगळं व्यवस्थित असतं असं कुणाला वाटत असेल तर २०१८ आठवा. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी भारतीय कबड्डी संघ निवडला गेला आणि निवडीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करत एक माजी खेळाडू थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने संघाला जाऊ दिलं, पण आदेश दिला की परत आल्यावर १५ सप्टेंबरला निवडलेल्यांचा आणि वगळलेल्यांचा सामना लावा, निवृत्त न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. विचार करा. कोण लायक हे ठरवायला न्यायालयाला मैदान आखून द्यावं लागलं! त्या दिवशी वगळलेले आले. जकार्ताला गेलेला संघ आलाच नाही.

दरम्यान जकार्तात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण जिंकणारा आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला. मुलींचा संघ अंतिम सामन्यात इराणकडूनच २७-२४ ने हरला. आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्या बाईंना आपल्या देशाच्या संघाला शिकवायची संधी मिळाली नाही, त्यांनी दुसऱ्या देशाला सुवर्ण मिळवून दिलं.

हरले म्हणून निवड चुकली होती असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध होत नाही. इराण चांगला खेळला. पण संघ हरल्यावर लोकांच्या मनात जो संशय आला, तो पुसायला महासंघाकडे दाखवण्यासारखा कागद असता तर ही वेळ आली असती का? पारदर्शक निवड हरल्यावर खेळाडूचं रक्षण करते. बंद खोलीतली निवड जिंकल्यावर सुद्धा खेळाडूवर डाग ठेवते. आपल्याकडे चांगला खेळून संघात गेलेल्या पोराला पण लोक मागून म्हणतात, "त्याचं काय, त्याचा मामा आहे ना आत." हा त्या पोरावर अन्याय नाही?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. खेळातल्या तंट्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर न्यायाधिकरणाची तरतूद झाली. चांगलंच आहे. पण फुणगूसच्या पोराने काय दिल्लीला जायचं? आणि गेलाच तर पुरावा म्हणून काय नेणार? काकाची आठवण?

आता मला माहीत आहे, खाली काय काय लिहिलं जाणार आहे. म्हणून आधीच बोलून टाकतो.

"कार्यकर्ते स्वतःच्या खिशातले पैसे घालून राबतात, तुम्ही फक्त टीका करता." शंभर टक्के मान्य. रात्री दोनला मॅट गुंडाळणारे, पाहुण्या संघांच्या जेवणासाठी दारोदार फिरणारे, जनरेटरवाल्याच्या पाया पडणारे लोक मी बघितलेत. त्यांच्याशिवाय कबड्डी एक दिवस टिकणार नाही. पण राबण्याचा आणि निवडण्याचा अधिकार एक नाही. ज्याने मांडव घातला त्याने नवरा ठरवायचा नसतो.

"निवड समितीत जुने खेळाडू आहेत, त्यांना नजर आहे." असेल. मी नजर नको म्हणत नाही. नवीन पोराच्या पायात काय आहे हे रेघा सांगत नाहीत, जाणत्याची नजर सांगते. आकडे बघून सुद्धा समितीने एखाद्याला वगळलं तर हरकत नाही. मग एक ओळ लिहा. 'उजव्या कोपऱ्याला दोन गडी आधीच होते म्हणून.' झालं. पोराला कळेल काय सुधारायचं. आज त्याला काहीच कळत नाही, म्हणून तो एक तर खेळ सोडतो किंवा ओळख शोधायला लागतो. दुसरं जास्त वाईट.

"नावं-कारणं जाहीर केली तर मुलांचं खच्चीकरण होईल." मुलांना हरायची सवय असते हो. ती दर आठवड्याला हरतात आणि परत उतरतात. न सांगता वगळलं की मात्र खचतात.

"मग मोबाईलवर मतदान घ्या, लोकच ठरवतील." हा सगळ्यात धोकादायक उपाय. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी प्रेक्षकांनी मतं देऊन खेळाडू निवडायचे होते. सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्राने आपल्याच संघाच्या खेळाडूंची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. लोकांनी त्या गठ्ठ्याने पाठवल्या. आठ जागांपैकी सात जागांवर सिनसिनाटीचेच खेळाडू आले! शेवटी आयुक्तांनी त्यातले दोघे काढून विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं, आणि प्रेक्षकांचा मताचा अधिकारच काढून घेतला, तो १९७० पर्यंत. म्हणजे आमच्या धंद्यातल्या लोकांनी तिकडे पण घोळ घातलाच होता. तिकडच्या फुटबॉलवाल्यांनी पुढे मधला मार्ग काढला. त्यांच्या प्रो बोल संघासाठी प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या मतांना प्रत्येकी एक-तृतीयांश वजन ठेवलं. आपल्याकडे नुसतं मतदान ठेवलं तर काय होईल? ज्या गावाचे चाकरमानी जास्त, त्या गावाचा संघ. बोरिवली ते डोंबिवली सगळे अंगठे एकाच वाडीसाठी चालतील.

आणि एक प्रश्न मला माझ्यासकट सगळ्यांना विचारायचा आहे. मुलींच्या संघाच्या यादीवर कधी टपरीवर भांडण झालेलं ऐकलंय? मी तरी नाही. जकार्ताच्या रौप्यपदक विजेत्या संघात मुंबईची सोनाली शिंगटे होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात विश्वचषक जिंकणाऱ्या संघात पण होती. आपल्या तालुक्यातल्या मुली शाळेच्या मैदानावर, शेण सारवलेल्या खळ्यात खेळतात. त्यांच्यात कोण घेतली, कोण वगळली, कुणाला पडलेलं नाही. मुलांच्या यादीवर चुकीचं भांडण होतं, मुलींच्या यादीवर भांडणच होत नाही. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे.

तर मागण्या सांगतो. एकही मागणी खर्चाची नाही.

१. स्पर्धेच्या आधी निवड समितीची नावं फलकावर लावा. नंतर नको, आधी.

२. प्रत्येक सामन्यात गुणलेखकाच्या शेजारी एक जण फक्त खेळाडूवार नोंदीसाठी बसवा. रकाने सहा. चढाया, त्यातले गुण, रिकाम्या, बाद झाला, यशस्वी पकडी, फसलेल्या पकडी. कॉलेजची मुलं हे आनंदाने करतील. २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी बघतोय आपण, प्रत्येक चढाईनंतर पडद्यावर आकडा येतो. पोरांना हे शिकवावं लागणार नाही.

३. त्या रात्रीच पानाचा फोटो काढून जाहीर करा. चूक असेल तर लोक सकाळी सांगतील.

४. ज्याच्या घरातला किंवा मंडळातला खेळाडू चर्चेत आहे, त्याने त्या नावापुरतं खोलीबाहेर थांबावं.

५. यादीबरोबर राखीव खेळाडू क्रमाने लिहा आणि वगळलेल्यांपैकी पहिल्या पाच जणांसमोर एका ओळीत कारण द्या.

६. हे सगळं मुलींच्या संघालाही तसंच.

आणि सातवी मागणी तुमच्याकडे, प्रेक्षकांकडे. पुढच्या स्पर्धेला येताना एक वही आणा. समिती नोंद ठेवत नसेल तर आपण ठेवू. तीन गावांतल्या तीन माणसांनी एकाच सामन्याची नोंद केली आणि तिन्ही पानं जुळली, तर त्यापुढे कुणाचा मामा टिकत नाही. माझ्या वहीतली पानं मी इथे टाकत जाणार आहे. आमच्या वाडीच्या पोराच्या विरोधात गेली तरी टाकणार आहे. तेव्हा वाडीतल्यांनी मला जेवायला बोलावणं बंद केलं तर तुम्ही बोलवा.

तो डावा कोपरा सांभाळणारा बुटका पोरगा सध्या मुंबईत एका गोदामात रात्रपाळी करतो. गेल्या शिमग्याला भेटला. मी त्या बातमीबद्दल माफी मागितली, तर हसला. म्हणाला, "सर, माझ्या पकडी तुम्ही मोजल्यात काय?"

मी नव्हत्या मोजल्या. त्या दुसऱ्या माणसाने मोजल्या होत्या, आणि तो कागद जपून ठेवायचं तेव्हा माझ्या डोक्यात पण आलं नाही.

भांडा, मंडळी. जोरात भांडा. फक्त पुढच्या वेळी पोरगा कुणाचा ते सांगू नका, वही दाखवा.

ज्यांना पटलं त्यांनी आपापल्या गावच्या मंडळापर्यंत पोचवा. ज्यांना नाही पटलं त्यांनी खाली बिनधास्त लिहा. आकडे घेऊन या, चहा माझ्याकडून.